लिम्फिडिमाच्या स्लीव्हचा खर्च: मदत कुठे मागायची, कागद कोणते लागतात?

अबोली

कॅन्सरचं ऑपरेशन, केमो, शेक (रेडिएशन) यांना मदत कुठे मिळते ते चार ठिकाणी लिहिलेलं सापडतं. ते सगळं उरकल्यावर लसिकेचं पाणी साचून हात सुजतो (हाच लिम्फिडिमा), फिजिओ 'स्लीव्ह घ्या' म्हणतात, म्हणजे हातावर दाब ठेवणारी घट्ट बाही, आणि तिथून पुढचं कुणी लिहीत नाही. म्हणून हा धागा.

बोलायला सोपं जावं म्हणून एक रुग्ण धरू. बाई, वय ४८, डाव्या स्तनाचं ऑपरेशन, काखेतल्या गाठी काढलेल्या, शेक झालेले. सूज मनगटापासून दंडापर्यंत आणि पंज्याच्या पाठीवरही. केशरी रेशनकार्ड. नवरा खाजगी नोकरीत, कंपनीचा विमा आहे.

महात्मा फुले योजनेत स्लीव्ह बसते का? विमा कंपनी देते का? ट्रस्टकडे मागायचं तर कशाच्या जोरावर? स्वतःच्या कहाण्या नकोत, त्यासाठी दुसरे धागे आहेत. कागद कोणता, टेबल कोणतं आणि कुठे अडतं एवढंच लिहा.

मापटं

पैशांच्या आधी वस्तू नक्की करा. अर्ज अडतात त्याचं पहिलं कारण म्हणजे चिठ्ठीवर नुसतं 'कॉम्प्रेशन स्लीव्ह' लिहिलेलं असतं. त्यावरून दुकानदार काहीही देऊ शकतो आणि पैसे देणारा काहीही नाकारू शकतो.

सूज जास्त असेल तर आधी पट्ट्या. रोज मॅन्युअल ड्रेनेज (हलक्या हाताने साचलेलं पाणी पुढे सारणं) आणि थरांचं बँडेज, साधारण दोन ते चार आठवडे. हात जेवढा उतरायचा तेवढा उतरला की मग स्लीव्हचं माप. हा क्रम उलटा केला की स्लीव्ह महिनाभरात सैल पडते, आणि ट्रस्ट लगेच दुसऱ्यांदा पैसे देत नाही.

पट्ट्यांचा संच म्हणजे आतून घालायची सुती नळी (स्टॉकिनेट), बोटांना गुंडाळायच्या अरुंद गॉझ पट्ट्या, मऊ पॅडिंग किंवा फोम, आणि ६, ८, १० सेंटिमीटर रुंदीच्या शॉर्ट-स्ट्रेच पट्ट्या. मेडिकलमध्ये मिळणारी तपकिरी क्रेप पट्टी इथे चालत नाही. ती फार ताणते, स्नायू हलला की त्याच्यासोबत फुगते, आणि लसिका पुढे ढकलायला जो टणक विरोध हवा तो देत नाही. शॉर्ट-स्ट्रेच पट्ट्या धुऊन पुन्हा वापरता येतात. महाग वाटल्या तरी हे ध्यानात ठेवून हिशेब करा.

मग स्लीव्ह. दोन जाती. गोल विणीची, म्हणजे सर्क्युलर-निट: शिवण नसते, तयार मापात मिळते, स्वस्त. सपाट विणीची, म्हणजे फ्लॅट-निट: मापावर विणतात, एका बाजूला शिवण असते, कापड जाड आणि टणक. हात सगळीकडे सारखाच जाड असेल, सूज सौम्य असेल तर गोल विणीची चालते. कोपराजवळ किंवा मनगटाशी वळी पडत असेल तर गोल विणीची त्या वळीत गोळा होते, दोरी आवळल्यासारखी बसते आणि खालचा भाग जास्त सुजतो. तिथे स्वस्तातली घेणं म्हणजे पैसे पाण्यात. देशी तयार स्लीव्ह हजार-दोन हजारांच्या आसपास पडते, मापाची आयात फ्लॅट-निट त्याच्या कित्येक पट.

अबोलीताईंनी धरलेल्या रुग्णाच्या पंज्यालाही सूज आहे. तिला नुसती स्लीव्ह दिली तर मनगटाच्या वरचं पाणी पंज्यात उतरेल. हातमोजा किंवा गाँटलेट (बोटं उघडी ठेवणारा मोजा) सोबत हवाच, आणि तो चिठ्ठीवर वेगळा लिहिलेला हवा. तसा नसेल तर 'हे ऍक्सेसरी' म्हणून बिलातली ती ओळ कापली जाते.

माप सकाळी किंवा पट्टी सोडल्या सोडल्या घ्यायचं. टेप कातडीला टेकलेला, आवळलेला नाही. पंजा बोटांच्या मुळाशी, मनगट, कोपर आणि मनगटाच्या मधोमध, कोपर, दंडाचा मध्य, काखेच्या खाली दोन बोटं. शिवाय लांबी. संध्याकाळी थकलेल्या हाताचं माप घेऊन गेलात तर सकाळी स्लीव्ह खाली घसरते.

नर्मदा_का

मापटं, दाबाचं पण लिहा ना. क्लास १, क्लास २ म्हणतात तो गोंधळ.

मापटं

युरोपी मोजणीत क्लास १ म्हणजे १८ ते २१ मिमी पारा, क्लास २ म्हणजे २३ ते ३२. अमेरिकी मालाच्या खोक्यावर १५-२०, २०-३० असे पट्टे असतात. त्यामुळे चिठ्ठीवर क्लास आणि आकडा दोन्ही हवेत. हाताला सहसा पहिला किंवा दुसरा क्लास पुरतो. कोणता, ते डॉक्टर किंवा लिम्फिडिमाचं काम करणारी फिजिओ ठरवेल, दुकानदार नाही.

ऑपरेशनच्या वेळी पायात घालायला देतात ते पांढरे मोजे रक्ताची गुठळी होऊ नये म्हणून असतात, झोपलेल्या माणसासाठी. गर्भाशयाच्या किंवा अंडाशयाच्या कॅन्सरनंतर पाय सुजलेल्या बायका तेच वर्षभर वापरताना दिसतात. लिम्फिडिमाला तो दाब पुरत नाही.

खिडकी_क्रमांक_७

रुग्णालयातल्या समाजसेवा विभागाच्या बाजूने लिहिते. लांब होईल.

आधी वाईट बातमी. महात्मा फुले योजना पॅकेजवर आणि कॅशलेस चालते. शस्त्रक्रिया, केमो, रेडिएशन यांची पॅकेजेस आहेत. बाहेरच्या दुकानातून घेतलेल्या स्लीव्हची पावती योजनेकडे लावून पैसे परत मिळत नाहीत. मुख्यमंत्री सहायता निधीचंही तसंच: पैसे रुग्णालयाच्या खात्यात जातात, उपचाराच्या अंदाजपत्रकावर जातात, आणि झालेल्या खर्चाची भरपाई मिळत नाही. म्हणजे 'स्लीव्हसाठी सरकारी योजना' शोधत बसलात तर हाती काही लागणार नाही.

आता चांगली बाजू. मोठी दारं मोठ्या बिलासाठी उघडी आहेत. फुले योजनेत आता कुटुंबाला वर्षाला ५ लाखांचं संरक्षण आहे आणि रेशनकार्डाच्या रंगाची अट राहिलेली नाही. तरी कित्येक केशरी-पांढऱ्या कार्डवाले ऑपरेशनचे पैसे रोख भरतात आणि नंतर स्लीव्हसाठी हात पसरतात. मोठं बिल योजनेत घाला आणि घरातले वाचलेले पैसे स्लीव्हच्या नावाने बाजूला ठेवा. योजनेत नोंद दाखल होतानाच करावी लागते, डिस्चार्ज झाल्यावर काही करता येत नाही. आरोग्यमित्राचं, म्हणजे योजनेच्या मदतनीसाचं, टेबल रुग्णालयात खालीच असतं, आणि १५५३८८ ला फोन करून रुग्णालय यादीत आहे का ते विचारता येतं.

दुसरं दार धर्मादाय रुग्णालयांचं. महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियमाच्या कलम ४१अअ खाली, उच्च न्यायालयाने २००६ मध्ये घालून दिलेल्या योजनेनुसार, १० टक्के खाटा निर्धन रुग्णांना मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांना सवलतीत. उत्पन्नाची मर्यादा निर्धनांसाठी वर्षाला १,८०,००० आणि दुर्बल घटकांसाठी ३,६०,०००. यासाठी रुग्णालय आपल्या एकूण बिलिंगच्या २ टक्के रक्कम वेगळ्या निधीत टाकतं. त्याला सगळे आयपीएफ (इंडिजंट पेशंट्स फंड) म्हणतात.

स्लीव्हवाल्यांसाठी यातली कामाची ओळ अशी: औषधं, कन्झ्युमेबल (वापरून संपणाऱ्या वस्तू) आणि इम्प्लांट रुग्णालयाच्या खरेदी किमतीला लावायची, आणि निर्धन रुग्णाची ती रक्कम निधीतून वळती करायची. म्हणून पट्ट्यांचा संच किंवा स्लीव्ह रुग्ण दाखल असतानाच, रुग्णालयाच्या स्टोअरमधून, इंडेंटवर (वॉर्डच्या मागणीपत्रावर) घ्यायचा प्रयत्न करा. तसं झालं तर ती आयपीएफच्या बिलात बसवता येते. बाहेरून विकत आणलेली वस्तू मात्र त्या बिलात येतच नाही. दुर्बल घटकाला यातली निम्मी रक्कम भरावी लागते, पण खरेदी किमतीवर, छापील किमतीवर नाही. हा फरक लहान नसतो.

कागद: तहसीलदाराचा उत्पन्नाचा दाखला, रेशनकार्ड, आधार. दाखल्याची मुदत ३१ मार्चला संपते. फेब्रुवारीत काढलेला दाखला घेऊन एप्रिलमध्ये आलेली माणसं दर वर्षी रांगेतून परत जातात. पगारदाराने पगाराची चिठ्ठी देऊन चालत नाही, दाखलाच लागतो.

रुग्णालय नाही म्हणालं तर आधी लेखी 'नाही' मागा. नंतर जिल्ह्याच्या धर्मादाय कार्यालयात अर्ज. तोंडी नकारावर तिथे काही होत नाही.

पिंपळपान

लेखी नाही मागितलं की काउंटरवरचा माणूस अचानक साहेबांना विचारून येतो, हे मात्र खरं आहे.

खिडकी_क्रमांक_७

:) पुढे, ट्रस्ट. मुंबईत कॅन्सर पेशंट्स एड असोसिएशन आणि इंडियन कॅन्सर सोसायटी ही जुनी नावं. पहिली १९६९ची, दुसरी १९५१ची. देवस्थानांपैकी सिद्धिविनायक मंदिर न्यास रुग्णांना मदत देतो. टाटा रुग्णालयात उपचार चालू असतील तर थेट ट्रस्टकडे धावू नका, आधी तिथल्या समाजसेवा विभागात जा. कोणत्या ट्रस्टकडे सध्या कशासाठी पैसे आहेत ते त्यांना माहीत असतं.

बहुतेक ट्रस्ट धनादेश रुग्णालयाच्या किंवा विक्रेत्याच्या नावे काढतात, रुग्णाच्या नावे नाही. म्हणून पावतीच्या ऐवजी कोटेशन लागतं. 'आधी घेते, मग पैसे मिळतील' हा हिशेब इथे जवळजवळ कधीच जमत नाही. सात कागदांचा एक संच करा आणि प्रत्येक ट्रस्टसाठी झेरॉक्स काढा:

डॉक्टरांची चिठ्ठी, फिजिओचा मापाचा तक्ता, विक्रेत्याचं कोटेशन (लेटरहेडवर, तारीख आणि जीएसटी क्रमांकासह), ऑपरेशनचं डिस्चार्ज कार्ड, बायोप्सी रिपोर्ट, उत्पन्नाचा दाखला, आणि आधार-रेशनकार्ड एकत्र. सूज दाखवणारा फोटो असेल तर उत्तम. दोन्ही हात शेजारी ठेवून, चेहरा न घेता.

चिठ्ठीत काय असावं त्याचा नमुना देते (मॅस्टेक्टमी म्हणजे स्तन काढणं, आयसीडी-१० म्हणजे आजाराचा संकेतांक, सेल्युलायटिस म्हणजे कातडीखालचा संसर्ग). डॉक्टरांना तोंडी सांगण्यापेक्षा हा कागद पुढे ठेवा, ते स्वतःच्या भाषेत लिहितील:

'डाव्या बाजूची मॅस्टेक्टमी, काखेतल्या ग्रंथी काढल्या, रेडिएशन पूर्ण. डाव्या हाताचा लिम्फिडिमा, आयसीडी-१० आय९७.२. कोपराखाली १० सेंटिमीटरवर डावा हात उजव्यापेक्षा ४ सेंटिमीटर जास्त. उपचाराचा भाग म्हणून: मापाची फ्लॅट-निट स्लीव्ह, क्लास २ (२३-३२ मिमी पारा), नग २, त्याच दाबाचा हातमोजा, नग २. रोज दिवसभर वापर. साधारण सहा महिन्यांनी बदल आवश्यक. न वापरल्यास सूज वाढण्याचा व सेल्युलायटिसचा धोका.'

आकडे अर्थात ज्याचे त्याचे. ही चिठ्ठी कर्करोगतज्ज्ञाच्या शिक्क्याची असेल तर पुढे करातही कामी येते.

जुनाटीपीए

विम्याचं मी लिहितो. दाव्यांच्या टेबलावर बसून जे दिसतं ते.

रुग्णालयात दाखल असतानाच्या बिलात कंपन्या काही वस्तू देत नाहीत, त्यांची ठरलेली यादी आहे. तिच्या पहिल्या भागात क्रेप बँडेज आहे, स्लिंग आहे, बेल्ट-ब्रेसेस आहेत आणि 'लेगिंग्ज' आहेत. कॉम्प्रेशन स्लीव्ह असा शब्द त्यात नाही. पण बिलावर 'बँडेज', 'स्टॉकिंग' किंवा 'गारमेंट' असं काही लिहिलं की तपासणारा त्याला यादीतल्या जवळच्या शब्दात ढकलतो आणि कापतो. म्हणून बिलावर वस्तूचं पूर्ण नाव चिठ्ठीत जसं आहे तसंच, शब्दाला शब्द. 'सर्जिकल आयटम' लिहून आणलेलं बिल तर न वाचताच जातं.

दुसरी गोष्ट दिवसांची. पॉलिसीत 'हॉस्पिटलायझेशननंतरचा खर्च' ६०, ९० किंवा १८० दिवसांपर्यंत असतो, डिस्चार्जच्या तारखेपासून. लिम्फिडिमा बऱ्याचदा त्यानंतर उगवतो, कधी वर्ष-दोन वर्षांनी. तेव्हा ती खिडकी बंद झालेली असते आणि उरतो फक्त ओपीडीचा खर्च, जो साध्या पॉलिसीत नसतो. कंपनीच्या ग्रुप पॉलिसीत ओपीडीची तरतूद असेल तर एचआरकडून पॉलिसीचा पूर्ण मजकूर मागा. ते दोन पानी ब्रोशर पाठवतात, त्यात हे नसतं.

पुढे सूज आलेल्या हाताला संसर्ग होऊन दाखल व्हावं लागलं, म्हणजे सेल्युलायटिस झाला, तर तो नवा दावा आणि त्याच्यामागे नवे ६० किंवा ९० दिवस. त्या दिवसांत, त्याच आजारासाठी, डिस्चार्ज कार्डावर सल्ल्यात लिहिलेली स्लीव्ह मागता येते. डिस्चार्ज कार्डावर हे लिहून घ्यायला माणसं विसरतात. नंतर वेगळ्या कागदावर आणलेलं डॉक्टरांचं पत्र कमकुवत ठरतं.

'कन्झ्युमेबल्स रायडर' म्हणून जो जास्तीचा हप्ता घेतात तो बहुधा दाखल असतानाच्या न दिल्या जाणाऱ्या वस्तूंपुरता असतो. घरी घ्यायच्या स्लीव्हला तो लागू पडेल असं धरून चालू नका, अटी वाचा.

नकार आला तर फोनवर भांडू नका. कंपनीच्या तक्रार विभागाला लेखी, सोबत चिठ्ठी, आणि एकच प्रश्न: 'ही वस्तू न देण्याच्या यादीत कोणत्या क्रमांकावर आहे?' तीस दिवसांत उत्तर नाही किंवा पटलं नाही तर विमा लोकपाल. फी नाही, वकील लागत नाही, कंपनीच्या शेवटच्या नकारापासून वर्षभरात जायचं. मुंबईत आणि पुण्यात कार्यालय आहे.

नर्मदा_का

पाच हजारांसाठी लोकपाल म्हणजे जरा अतीच नाही का?

जुनाटीपीए

पाच हजार वर्षातून दोनदा, आणि हे वर्षानुवर्षं चालणार. शिवाय कंपनी एकदा मान्य झाली की पुढच्या वेळी तेच पत्र जोडता येतं. अती मला तरी वाटत नाही.

तालुका_कचेरी

शहराबाहेरच्यांसाठी. वर योजना आणि ट्रस्टचं जे लिहिलंय त्यात पैसे रुग्णालयाला किंवा विक्रेत्याला जातात. रुग्णाच्या हातात पैसे येणारी दारं वेगळी आहेत, आणि स्लीव्हला तीच सोयीची.

जिल्हा परिषदेचा आरोग्य विभाग. बऱ्याच जिल्हा परिषदा स्वतःच्या सेस फंडातून कॅन्सर, हृदयविकार, किडनीच्या ग्रामीण रुग्णांना एकरकमी मदत देतात. बऱ्याच ठिकाणी ती १५,००० असते. अर्ज तालुका आरोग्य अधिकाऱ्यामार्फत. रहिवासी दाखला, उत्पन्नाचा दाखला, आजाराचं प्रमाणपत्र, बँकेच्या पासबुकाची झेरॉक्स. हा फंड वर्षाच्या तरतुदीपुरता असतो. मे-जूनमध्ये अर्ज टाकलात तर बरं, जानेवारीत 'तरतूद संपली' हे उत्तर ठरलेलं. महापालिका हद्दीत राहणाऱ्याला हे मिळत नाही.

संजय गांधी निराधार अनुदान योजना. कर्करोगासारख्या दुर्धर आजारामुळे स्वतःचा चरितार्थ चालवू न शकणारी व्यक्ती यात येते, हे फार जणांना ठाऊक नाही. विधवा आणि दिव्यांगांसाठी आहे एवढंच माहीत असतं. महिना १,५०० थेट खात्यात. अडचण उत्पन्नाची: कुटुंबाचं वर्षाला २१,००० पर्यंत, त्यामुळे खऱ्या गरीब घरालाही दाखला त्या आकड्यात मिळवताना घाम फुटतो. वय १८ ते ६५, महाराष्ट्रात किमान १५ वर्षं वास्तव्य. आजाराचा दाखला जिल्हा शल्यचिकित्सकांचा. अर्ज तहसीलमधल्या संगांयो शाखेत.

एक सावधगिरी. लाडकी बहीणचे १,५०० चालू असतील तर दोन्ही एकत्र मिळत नाहीत. रक्कम सारखीच आहे, मग चालू असलेलं सोडून नव्याच्या मागे लागू नका.

पिंपळपान

कामगारांसाठी भर. पगाराच्या चिठ्ठीत जून आणि डिसेंबरला 'एलडब्ल्यूएफ' म्हणून किरकोळ कपात दिसते ना, ती महाराष्ट्र कामगार कल्याण मंडळाची. मंडळाची गंभीर आजारासाठी साहाय्य योजना आहे, आणि कामगाराच्या कुटुंबीयालाही लागू होते. अबोलीताईंच्या रुग्णाचा नवरा नोकरीत आहे, म्हणजे आधी त्याची चिठ्ठी बघा. बांधकामावर काम करणारे असतील तर त्यांचं मंडळ वेगळं, तिथे गंभीर आजाराला १ लाखापर्यंत. नोंदणी चालू हवी, नूतनीकरण चुकलेलं असेल तर अर्ज उघडतच नाही.

पुणेरी_सीए

कराचं थोडक्यात. जुनी करपद्धत निवडली असेल तरच. ८०डीडीबी खाली स्वतःच्या किंवा अवलंबिताच्या कर्करोगाच्या उपचाराचा खर्च ४०,००० पर्यंत, रुग्ण ६० वर्षांवरचा असेल तर १ लाखापर्यंत. तज्ज्ञाचं प्रिस्क्रिप्शन लागतं, आणि विम्यातून किंवा मालकाकडून मिळालेले पैसे त्यातून वजा. स्लीव्ह 'उपचार' आहे हे चिठ्ठीतच लिहिलेलं हवं, नुसत्या दुकानाच्या बिलावर मी ती धरणार नाही. ज्येष्ठ नागरिकाला विमाच नसेल तर ८०डी खाली ५०,००० पर्यंत वैद्यकीय खर्च, तिथे रोखीने दिलेलं चालत नाही. नव्या आयकर कायद्यात कलमांचे आकडे बदललेत, मी ओळखीच्या जुन्या आकड्यांनी लिहिलंय.

आणि हे पैसे परत मिळणं नव्हे. २० टक्क्यांच्या टप्प्यातल्या माणसाचे १०,००० च्या स्लीव्हमागे जेमतेम दोन हजार वाचतात.

हडसनकाठ

इकडे, म्हणजे अमेरिकेत, आई-वडील येऊन राहिलेले असतात त्यांच्यासाठी. १ जानेवारी २०२४ पासून मेडिकेअर (तिथला ज्येष्ठांचा सरकारी विमा) पार्ट बी लिम्फिडिमाच्या कॉम्प्रेशन कपड्यांचे पैसे देतं. त्याआधी देत नव्हतं, कायदा डिसेंबर २०२२ मध्ये झाला. प्रत्येक सुजलेल्या अवयवामागे दिवसाचे तीन कपडे दर सहा महिन्यांना, रात्रीचे दोन कपडे दर दोन वर्षांना. पट्ट्याही येतात. डिडक्टिबल (आधी आपणच भरायची ठरलेली रक्कम) भरल्यावर उरलेल्यातले २० टक्के आपल्याला भरावे लागतात. विक्रेता मेडिकेअरमध्ये नोंदलेला हवा, ऑनलाइन दुकानातून घेऊन पावती पाठवली तर काही मिळत नाही.

ग्रीनकार्डवाल्या आई-वडिलांना ६५ पूर्ण आणि सलग पाच वर्षं वास्तव्य झाल्यावर हप्ता भरून पार्ट बी घेता येतं. व्हिजिटर विम्यात आधीपासूनचा आजार येत नाही, त्यामुळे व्हिसावर येणाऱ्यांनी दोन-तीन स्लीव्ह भारतातूनच घेऊन याव्यात.

नोकरीच्या विम्यावर असलेल्या मराठी बायकांसाठी: १९९८चा एक केंद्रीय कायदा आहे. मॅस्टेक्टमीचा खर्च देणाऱ्या योजनेने तिच्यामुळे होणाऱ्या शारीरिक गुंतागुंतीचाही खर्च द्यायचा, आणि त्यात लिम्फिडिमाचं नाव घेतलेलं आहे. नकाराच्या अपिलात या कायद्याचं नाव घाला: विमेन्स हेल्थ अँड कॅन्सर राइट्स ऍक्ट.

मापटं

मिळालेली स्लीव्ह टिकवणं हाही पैशाचाच भाग, म्हणून लिहितो.

दोन लागतात, कारण रोज धुवायला हवी. घाम आणि कातडीचं तेल रबराचा धागा खातं. कोमट पाणी, साधा सौम्य साबण, सॉफ्टनर नाही, पिळायची नाही. टॉवेलमध्ये गुंडाळून दाबायची आणि सावलीत पसरायची. उन्हात किंवा गॅसजवळ वाळवली की धागा मरतो. मुंबई-कोकणात पावसाळ्यात एक स्लीव्ह दोन दिवस वाळत नाही, आणि ओली घातली की काखेत बुरशी.

खोबरेल किंवा मॉइश्चरायझर रात्री, स्लीव्ह काढल्यावर. सकाळी तेल लावून घातलेली स्लीव्ह लवकर ढिली होते. चढवताना भांडी घासायचे रबरी हातमोजे घाला: वरून ओढायचं नाही, तळव्याने कापड थोडं थोडं वर सारायचं. नखाने ओढून एक धागा तुटला की तिथून जाळी पडते. वरचा काठ दुमडून 'जरा आखूड' करायची सवय तर सगळ्यात वाईट. दुमडीत दाब दुप्पट होतो.

हात लाल, गरम, ताप: स्लीव्ह काढा आणि त्याच दिवशी डॉक्टर. अँटिबायोटिक सुरू झाल्यावर पुन्हा कधी घालायची ते तेच सांगतील.

नर्मदा_का

पंप घ्यायला सांगतात काही ठिकाणी, हवेने फुगणारा. त्याला मदत मिळते का? स्लीव्हऐवजी तोच घेतला तर?

मापटं

काकू, पंप स्लीव्हच्या जागी चालत नाही. पंप तासभर चालतो, उरलेले तेवीस तास हाताला धरून ठेवायला काहीतरी हवंच. एकदाच मिळणारी मदत पंपात घातली आणि स्लीव्हला पैसे उरले नाहीत, तर आठवड्यात हात होता तिथे येतो. आधी स्लीव्ह, हातमोजा, पट्ट्या. पंप डॉक्टरांनी लिहून दिला आणि वर पैसे उरले तरच.

तालुका_कचेरी

माप द्यायला मुंबई, बार्शी किंवा नागपूरला जावं लागतं त्यांनी रेल्वेची सवलत विसरू नये. उपचारासाठी किंवा तपासणीसाठी जाणाऱ्या कॅन्सर रुग्णाला स्लीपर आणि थ्री-एसीचं भाडं पूर्ण माफ असतं, सोबतच्या माणसालाही मोठी सवलत. ठरलेल्या नमुन्यातला दाखला रुग्णालयातूनच मिळतो. तिकीट खिडकीवर काढायचं.

अबोली

खूप कामाचं मिळालं, सगळ्यांचे आभार. खिडकी ताई, एक बारीक शंका. कोटेशनमध्ये दोन स्लीव्ह, दोन हातमोजे लिहिले की ट्रस्टवाले विचारतात, 'हात एकच सुजलाय ना, मग दोन कशाला?' दोन वेगळी कोटेशन करून दोन ट्रस्टकडे द्यायची का?

खिडकी_क्रमांक_७

कोटेशन एकच ठेवा. दोन तुकडे केले की तेच नाव, तोच हात, तीच तारीख दोन्हीकडे दिसते, ट्रस्टवाले एकमेकांशी बोलतात, आणि मग दोन्ही अर्ज बाजूला पडतात. अर्जातच लिहायचं: एकूण रक्कम इतकी, त्यातले इतके आम्ही भरतो, इतके अमुक ट्रस्टकडे मागितलेत, आपल्याकडे इतके. आणि चिठ्ठीत 'नग २' पुढे डॉक्टरांकडून तीनच शब्द वाढवून घ्या: 'धुण्यासाठी आलटून पालटून'.